साग कुठलाही आणा, सागच?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या वृक्षारोपणाच्या गटांवर एक निरोप फिरू लागतो: ‘देशी झाड असलं की झालं. बी कुठलंही चालतं, जात एकच. फरक पडतो तो माती-पाण्यानं. एखादं जोमदार झाड बघा, त्याचंच बी सगळीकडे लावा.’ हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा आहे. सागावरूनच बघू.

‘जात एकच.’ खरं आहे. पण केरळातल्या नीलांबूरचा साग आणि गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या पावसात तगून राहिलेत. डीएनए तपासला तर पश्चिम घाटातल्या ओलसर पट्ट्यातला आणि आतल्या कोरड्या मुलखातला साग वेगळा ओळखू येतो.

‘फरक माती-पाण्याचा.’ हे पारखायची रीत जुनी आहे. ठिकठिकाणचं बी आणून एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावायचं. फ्रान्समध्ये वनस्पतितज्ज्ञ व्हिल्मोरँ यांनी १८२०च्या दशकात पाइनवर हेच केलं. सागाच्या अशा चाचण्या १९७०च्या दशकात डेन्मार्कच्या पुढाकारानं आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत उभ्या राहिल्या. माती तीच, पाऊस तोच. तरी वाढीत, खोडाच्या सरळपणात, फुलोऱ्यात फरक राहिलाच. भारताच्या कोरड्या भागातला साग ओलसर जागी बहुधा मागे पडला. हा फरक बियातूनच आलेला.

‘एकाच झाडाचं बी’ हा भाग मला सर्वांत घातक वाटतो. सागाचं परागीभवन कीटक करतात, स्वतःच्याच परागानं फळ फारसं धरत नाही, आणि जनुकीय विविधतेचा मोठा वाटा एकाच जंगलातल्या झाडाझाडांत असतो. एका झाडाखालची ती कागदी फुग्यातली कडक फळं पोतंभर वेचली तरी सगळी रोपं एकाच आईची. पुढे त्यांचा आपसांत संकर झाला की संतती कमजोर निघते. म्हणून बी एकमेकांपासून लांब असलेल्या निदान पंचवीस-तीस झाडांचं मिसळून घ्यावं.

जवळचं बी नेहमीच योग्य, असंही नाही. पुण्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तर पन्नासेक किलोमीटरवरच्या ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. पुण्यातल्या टेकडीवर साग लावायचा तर अंतर नव्हे, पाऊस आणि माती जुळवायला हवी. रोपवाटिकेत सागजडी (सागाच्या रोपाचं छाटलेलं खोड-मूळ) घेताना भावाआधी दोन गोष्टी विचारा: बी कुठल्या जंगलातलं, आणि किती झाडांचं? उत्तर मिळालं तर लागवडीच्या वहीत लिहून ठेवा.