लाल लाइट जळून राहिला, तरी म्हणते की 'की' नाही

अरे, डोळ्यासमोर लाल जळून राहिली ना बे ती! चाकं अलाइन करायच्या सॉफ्टवेअरची डोंगल, म्हणजे लायसन्सची बोटभर किल्ली ('की'), यूएसबीत घुसवलेली, लाइट चालू, बोटाने दाबून पाहिली. अन् स्क्रीनवर काय? 'की सापडली नाही'. मला दिसते, तुले काहून दिसत नाही?

वाडीतलं माझं गॅरेज. मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलर गरम हवा फेकून राहिला. बोलेरो रॅम्पवर, चारही चाकांना क्लॅम्प लावलेले, अमरावतीला निघालेली पार्टी खुर्चीत बसून घड्याळ पाहून राहिली. टो-कॅम्बरचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं, अर्ध्या तासाचं काम. तीन तास गेले.

सपोर्टवाला फोनवर: "सर, पोर्ट बदला." पुढचे, मागचे, सगळे बदलले. "ड्रायव्हर काढून परत टाका." टाकला. "रिस्टार्ट करा." अरे भाऊ, दुपारून दोनदा लाइन गेली, रिस्टार्ट आपोआपच झाला! मग भाच्याने त्याच्या घरून रिमोट डेस्कटॉप लावला, तर नवाच मेसेज: टर्मिनल सेशनमधून, म्हणजे असं दुरून जोडून, ही की चालत नाही. म्हणजे दुरुस्तीला आलेल्यालेही दारातूनच हाकललं.

शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन १९४७ टाका, आपल्याच कॉम्प्युटरवरचं की तपासायचं पान उघडते." टाकलं, पानच उघडेना. आकडा तरी पाहा, १९४७! देश सुटला, मी या बोटभर प्लास्टिकचा गुलाम. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये गेलो तर लायसन्स मॅनेजर, म्हणजे की ओळखणारा प्रोग्राम, बंद पडलेला. रात्रीच विंडोजचं अपडेट झालं होतं. स्टार्ट दाबलं, दोन सेकंदांत सगळं सुरू. मग तसं लिहा ना राजेहो! 'लायसन्सची सर्व्हिस बंद आहे' एवढं लिहायले काय पोटात दुखते?

बरं, डोंगल हरवली तर पूर्ण पैसे भरून नवीन घ्या, हे बिलावरच छापलंय. म्हणून रोज रात्री ती घरी नेतो, कपाटात बायकोच्या पाटल्यांशेजारी ठेवतो. मशीन माझी, पैसे माझे, पावती माझी, अन् रोज सकाळी हजेरी द्यायची की मी चोर नाही! पलीकडच्या गल्लीतल्याने क्रॅक टाकलाय, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. त्याच्याकडे कीच नाही, मग सापडायची भानगडच नाही. आरामात चहा पीत अलाइनमेंट करून राहिला.

अन् बोलेरो? सर्व्हिस सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीच पार्टीने क्लॅम्प काढायले लावले. कुठं गेली असेल, सांगू का?