जुनी बोट विकताय ना, मग खरं बोला!

बास झालं आता! या उन्हाळ्यात मिशिगनमध्ये ही चौथी जुनी वेकबोर्ड बोट, म्हणजे दोरी धरून फळीवर उभ्या राहिलेल्याला पाण्यावरून ओढणारी बोट, बघितली आणि चौथ्यांदा तेच ऐकलं, "इंजिन एकदम ठणठणीत, काही करायला नको."

मग इम्पेलर शेवटचा कधी बदलला? तर गप्प. अरे, तळहातावर मावणारं रबराचं चक्र ते! तळ्याचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवतं. दर वर्षी बदलायचं असतं. मी झाकण उघडलं, तर सहापैकी दोन पाती गायब. ते तुकडे पाण्याच्या वाटेत पुढे कुठे अडकलेत, ते कोण शोधणार? मी?

हिवाळ्याआधी ब्लॉकमधलं, म्हणजे इंजिनच्या मुख्य धातूच्या भागातलं, पाणी काढलं होतं? "बहुतेक." बहुतेक? पाणी गोठलं की ब्लॉकला तडा जातो, इंजिनच बाद! बॅलास्टचे, म्हणजे लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत वजनासाठी पाणी भरणारे, पंप तीन, चालतो एक. सीटखालची फळी दाबली, तर ओली, मऊ. आणि टॉवरवर, म्हणजे दोरी बांधायच्या उंच कमानीवर, मात्र नवे कोरे स्पीकर, निळे दिवे! त्या पैशात कित्येक वर्षांचे इम्पेलर आले असते.

दोरीच्या टोकाला कुणाचं तरी पोर पाण्यात असताना, भर तळ्यात इंजिन बंद पडलं तर? एवढंही मनात येत नाही का तुमच्या?