नाटकाला पहिली रांगच बेस्ट? तसं नाहीये

"नाटक बघायचं तर पहिली रांगच, बाल्कनी म्हणजे पैसे वाया" असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. स्टेज उंच असतं, अगदी पुढे बसलं की मान वर करून बघावं लागतं, स्टेजची जमीन दिसत नाही आणि मागे कोणी खाली बसून बोलत असेल तर पुढचा सोफाच मधे येतो. मी एकदा पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसले होते, दिवाणखान्याच्या सेटची माझ्या बाजूची भिंत आडवी आली आणि दारातली एन्ट्री मला टाळ्या पडल्यावर कळली, खूप हळहळले तेव्हा! त्यात स्पीकर कानाशी.

मधोमध साधारण पाचवी ते दहावी रांग घ्या, चेहरे पण दिसतात आणि अख्खा सेट पण. बाल्कनीतून बारीक हावभाव हुकतात हे मान्य, पण लावणी किंवा समूहनृत्य असेल तर बाल्कनीची पहिली रांग मधली मिळाली तर सोडूच नका, नाचाच्या रचना, जमिनीवर पडणारा लाईट सगळं वरून दिसतं. फक्त लहान मुलं सोबत असतील तर समोरचा कठडा त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही ना बघा, येत असेल तर दुसरी रांग.