माझेच पैसे, माझंच खातं आणि तीनशे डॉलर

कॅनडात, मिसिसागात येऊन सात वर्षं होत आली, थंडी अंगवळणी पडली, पण फेब्रुवारी लागला की पोटात गोळा येतो तो येतोच. बर्फामुळे नाही हो, आरआरएसपीमुळे, म्हणजे टॅक्स वाचवणाऱ्या इथल्या निवृत्तीच्या बचत खात्यामुळे. पुण्यात मार्चएंडच्या आधी एलआयसी आणि घरभाड्याच्या पावत्या एचआरच्या टेबलावर आपटल्या की विषय कट. इथे मार्च उजाडता उजाडता आरआरएसपीची मुदत, त्यात मागच्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंतच टाकता येतात, मग ३० एप्रिलच्या आत रिटर्न, तोही स्वतः बसून भरायचा.

पण माझी विकेट आरआरएसपीने नाही काढली, टीएफएसएने, म्हणजे टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंटने काढली. नावातच टॅक्स-फ्री आहे ना, तिथेच गाफील राहिलो.

या खात्यात सरकार दरवर्षी ठराविक रक्कम टाकू देतं, त्याला इथे 'रूम' म्हणतात. ऑफिसातला एक जण सांगत होता की रूम २००९ पासूनची जमते, २०२४ पर्यंत ९५,००० डॉलर झाली. झाली असेल, त्याचा जन्म इथला! मी २०१९ ला आलो, त्यामुळे माझी ३७,५०० च. ती मात्र मी पै पै करून पूर्ण भरली होती, आणि हे चार लोकांत सांगितलंही होतं.

तर २०२४ च्या मार्चमध्ये भाचीच्या लग्नाची तिकिटं काढायला त्यातले ६,००० काढले. काढायला काही बंधन नाही, टॅक्सही नाही. ऑगस्टमध्ये बोनस आला, तसे इमानदारीत ६,००० परत टाकले आणि बायकोला म्हटलं, बघ, याला म्हणतात शिस्त.

पुढच्या जुलैत टॅक्स खात्याचं एक खाकी पाकीट आलं. इथे खाकी पाकीट आलं की घरात एकदम शांतता पसरते, मुलगासुद्धा टॅब बाजूला ठेवतो. पत्र तीन वेळा वाचलं तेव्हा कुठे उजेड पडला. काढलेल्या पैशांची रूम परत मिळते, पण पुढच्या १ जानेवारीला. त्याआधी टाकले तर ते जादाचे, आणि जादा रकमेवर महिन्याला १ टक्का. ६,००० चा टक्का ६०, ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिने, झाले ३००. चार-पाच महिने ते पैसे गादीखाली ठेवले असते तरी चाललं असतं!

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल. तिला खोटं सांगता येत नाही, चेहरा बघते.

"बँकेतून पैसे काढले म्हणून दंड लागला?"

"नाही गं, टाकले म्हणून."

"टाकले म्हणून कसा लागेल? नीट वाच, काढले म्हणून असेल."

"आई, काढले ते चाललं. परत टाकले ते नाही चाललं."

बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "तू आपलं पीपीएफमध्ये टाक बाबा." आता तिला कसं सांगू की तिकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज इकडे उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. एका दिवसात एवढंच पुरे.

बायकोने मात्र ते पत्र फारच मनावर घेतलं. रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून आमचं म्हातारपण मोजायला बसली. ओएएस म्हणजे इथलं सरकारी पेन्शन, पूर्ण हवं तर अठराव्या वर्षानंतर ४० वर्षं इथे राहायला हवं, थोडंफार मिळायलाही निदान १० तरी. मी आलो अडतिसाव्या वर्षी, पासष्टीला २७ भरतील. चाळीसपैकी सत्तावीस म्हणजे साडेसदुसष्ट टक्के, मी म्हटलं फर्स्ट क्लास आहे की! ती हसली नाही. आणि आरआरएसपी ज्या वर्षी ७१ पूर्ण होतात त्या वर्षाच्या शेवटी बंद करावंच लागतं, मग बहुतेक लोक ते आरआरआयएफ नावाच्या निवृत्तीनंतरच्या खात्यात वळवतात आणि तिथून दरवर्षी ठराविक पैसे काढावेच लागतात, टॅक्स भरून. म्हणजे आत्ता टाकू देत नाहीत आणि तेव्हा ठेवू देणार नाहीत.

तीनशे भरले. नवं कालनिर्णय फ्रिजला लावलंय, त्यात १ जानेवारीच्या चौकोनात, संकष्टी-एकादशी जिथे बघायची तिथे, लाल पेनने बायकोचं अक्षर: "आजपासून टाकता येतात. आधी मला विचार."