पोस्टींची आगोट

मृग लागायच्या आधी आमच्या घरात आगोटीची गडबड उडते. लाकडं खोपीत जातात, आमसुलं बरणीत जातात, सुके बांगडे आणि जवळा डब्यात जातो, आणि आई प्रत्येक डब्याच्या झाकणावर फडकं बांधून वर दगड ठेवते. पुढचे चार महिने बाहेर काही मिळो न मिळो, चुलीवर काहीतरी चढलं पाहिजे, एवढा साधा हिशोब.

तुमचं होमस्टेचं, खानावळीचं किंवा आंब्याच्या पेट्यांचं पेज असेल तर त्याचीही अशीच आगोट भरून ठेवा. एका रविवारी दुपारी जेवून बसा आणि सगळं शेड्यूल करून टाका. सुक्या बांगड्यापेक्षा हे कितीतरी सोपं. पोस्टीला बुरशी येत नाही, मांजर ती पळवत नाही, आणि शेजारी वाटीभर मागायला येत नाहीत.

मर्यादेची चिंता नको. इन्स्टाग्रामवर 75 दिवस पुढचं लावून ठेवता येतं, तेही दिवसाला 25 पोस्टी. दिवसाला 25! कुणाचं वासरू हरवलं ते धरूनसुद्धा आमच्या अख्ख्या वाडीत दिवसाला 25 गोष्टी घडत नाहीत. पण जागा आहे म्हटल्यावर भरायचीच, एसटीचा तोच नियम आहे.

1 एप्रिलला बसलात तर गाडी थेट 15 जूनपर्यंत जाते. मधे काय काय येतं याचा विचार करत बसू नका. मेच्या शेवटी पाण्यातले खेळ बंद होतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. असू दे. कोकण रेल्वेसुद्धा पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं काढते, गाड्या हळू चालवते. तिचं बिचारीचं दरडींमुळे नाइलाजाचं काम आहे. तुमच्या पेजावर कुठे दरड कोसळणार आहे? तुम्ही वर्षभर एकच वेळापत्रक ठेवा.

मी तेच केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पेजाने आनंदाने जाहीर केलं, ‘आज पहाटेच उतरलेली ताजी सुरमई!’ बाहेर धो धो पाऊस. गावातल्या रापणवाल्या दादाने खाली एकच ओळ लिहिली: ‘होडयो वर, जाळी घरात, मगे तुका सुरमय खय गावली?’ हे वाचून घाबरायचं नसतं. याला एंगेजमेंट म्हणतात. दादाच्या कमेंटवर हसणारी चाळीस तोंडं आली. माझ्या इतर कुठल्याही पोस्टीवर चाळीस तोंडं आलेली नाहीत.

सुरमईचंच आणखी एक. आठवड्याचा वार ठरवून घ्यावा म्हणतात, म्हणून मी दर मंगळवारी दुपारी साडेबाराला सुरमई थाळी लावली. फोटो एकच, कोन सहा. थाळी तीच, लिंबाची फोड तीच, आणि मागच्या भिंतीवर कालनिर्णयचं डिसेंबरचं पान, जे माझ्याखेरीज सगळ्यांना दिसलं. अशा एका मंगळवारी संकष्टी आली. मंगळवारची संकष्टी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्या दारच्या काकीने कुंपणावरूनच हाक मारली, ‘मेल्या, आज अंगारकी, आनि तू सुरमय तळतंस?’ मी पडवीत बसून साबुदाण्याची खिचडी खात होतो. उपास माझाही होता. पेजाचा नव्हता.

सणांचं तर फारच सोपं आहे. गेल्या वर्षीच्या तारखा उचला आणि तशाच चिकटवा. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला गेली. तरी तुम्ही 27 ऑगस्टच धरा. अजून नारळीपौर्णिमा व्हायची, समुद्राला नारळ जायचा, गणपतीच्या शाळेत मूर्तींना रंग लागायचा, चाकरमानी मुंबईत तिकिटासाठी तडफडत असायचे, आणि तुमच्या पेजावर बाप्पा घरात येऊन बसलेले असतील. अठरा दिवस आधी. एवढ्या लवकर कोकणात फक्त होर्डिंगवरचे नेते पोचतात.

वेळ निवडताना ‘एएम’ आणि ‘पीएम’ या दोन क्षुल्लक अक्षरांकडे लक्ष देऊ नका. माझ्या पेजाने एकदा संध्याकाळी सात वाजता ‘शुभ सकाळ, चहा झाला का?’ विचारलं. सात जणांनी ‘हो’ म्हणून उत्तर दिलं. लोक वाचत नाहीत, फक्त हो म्हणतात. ही गोष्ट आंबा विकताना फार उपयोगी पडते.

राहता राहिला मेसेजचा प्रश्न. पोस्ट वेळेवर पडते, मग माणसं विचारतात: रूम आहे का, एसी आहे का, समुद्र किती लांब. त्यासाठी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा, ‘आपल्याशी लवकरच संपर्क साधू.’ लवकर म्हणजे कधी ते आमच्या बाबतीत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, अवलंबून असतं. वाडी खाली घळीत, रेंज वर सड्यावर, देवळामागच्या काजूजवळ. तिथे पोचून पाहिलं तर बुकिंग विचारणारा माणूस राहून, जेवून, परतही गेलेला असतो. आमच्याकडे नव्हे, पलीकडच्या वाडीत. त्यांचं पेज नाही, रस्त्याकडेला पाटी आहे.

कुणी म्हणेल, शेड्यूल केलेलं थांबवताही येतं. येतं ना. प्लॅनरमध्ये जायचं, पोस्ट शोधायची, तारीख बदलायची नाहीतर काढून टाकायची, दोन मिनिटांचं काम. फक्त त्या दोन मिनिटांना वीज लागते आणि रेंज लागते, आणि ज्या दिवशी पोस्ट थांबवायची असते नेमक्या त्याच दिवशी या दोघी माहेरी गेलेल्या असतात.

16 मे 2021. तौक्ते वादळ. लॉकडाऊनमुळे पाहुणे नव्हतेच, घर आंब्यावर चाललं होतं. सकाळपासून समुद्र वेगळाच वाजत होता. दुपारपर्यंत पडवीचे दोन पत्रे उडून माडांच्या पलीकडे गेले, आणि मागच्या परड्यातलं बाबांच्या हातचं कलम मुळांसकट आडवं झालं. बाकी झाडं उभी राहिली, पण फळ सगळं खाली. विजेचे खांब रस्त्यावर, फोन मुके. दुसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबल्यावर बाबा घमेलं घेऊन परड्यात गेले. चिखलातून एकेक आंबा उचलायचा, धोतराला पुसायचा, देठाकडे अंगठ्याने दाबून बघायचा, आणि फुटलेला एका बाजूला, न फुटलेला दुसऱ्या. तोंडातून शब्द नाही. फुटलेल्यांचा ढीग वाढत गेला.

त्याच सकाळी दहा वाजता माझ्या पेजाने म्हटलं: ‘झाडावरून थेट तुमच्या दारात!’

खोटं काहीच नव्हतं त्यात. झाडावरून थेट दारातच आले होते.

आमच्या वाडीत वीज यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत पेजाचा एकही दिवस चुकला नाही. बुधवारी आंब्याचं साठं, गुरुवारी ‘समुद्राच्या गाजेत निवांत झोप’, शनिवारी माडांच्या झावळ्यांआड मावळणारा सूर्य. त्या फोटोतला मधला माड तोपर्यंत आमच्या विहिरीत होता. बाराव्या दिवशी सड्यावर जाऊन फोन उघडला तर दोनशेच्या वर लाइक, आणि ‘पेटी कशी दिली?’ असे चौदा जण.

मग डोंबिवलीच्या आत्येला फोन लावला. म्हटलं, आत्या, अकरा दिवसांत साधी चौकशीसुद्धा नाही? ती म्हणाली, ‘अरे, फोन लागत नव्हता. जीव खालीवर झाला होता पहिल्या दिवशी. पण तुझं पेज रोज चालू दिसलं, सूर्यास्त वगैरे. म्हटलं, मजेत आहेत.’

बघा, घरच्यांना घोर नाही. पेजाकडून याहून जास्त काय हवं?

तर येत्या रविवारी बसा. माझं भरून झालंय, पंचाहत्तरच्या पंचाहत्तर दिवसांचं. आत्ता ऊन उतरलं की सड्यावर जाणार आहे, आज मी काय म्हटलंय ते बघायला.