गोलूचे ड्रॅगन आणि दोन पोती ढेप

रात्रीचा यु-गी-ओ कार्डांचा डाव सगळ्यांनी पाहिलाच होता, म्हणून गोलू पारावर आला तो तोंड पाडूनच. बंड्यानं आलूबोंड्याचा कागद पुढं सरकवला. "खाय बे. तीन ब्लू-आईज ड्रॅगन हातात धरून मेला तू. मैदानात एकबी नाई."

गोलूच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, ६० कार्डं. तीन ब्लू-आईज, ऑबेलिस्क, वर आणखी सात-आठ धिप्पाड मॉन्स्टर. एखादं काढ म्हटलं की घरची गाय बाजारात न्यायला सांगितल्यासारखा चेहरा करतो.

मास्तरनं खिशातून पेन्सिल काढली. "४० च्या डेकमधी तीन ब्लू-आईज असले तं पयल्या पाच कार्डात एक तरी याचा चान्स ३४ टक्के. ६० मधी २३."

"पण आला तं ३००० अटॅकचा येते ना!" गोलू.

"येते कोठून?" बंड्या म्हणाला. "सात अन् वरच्या लेव्हलले दोन ट्रिब्यूट लागतेत, म्हंजे मैदानातले आपलेच मॉन्स्टर बळी द्या. ऑबेलिस्कले तीन. नॉर्मल समन, म्हंजे हातातला मॉन्स्टर मांडनं, एका पाळीत एकच. तू दोन पाळ्या बारके मॉन्स्टर मांडत बसशीन, तवरिक समोरचा का तुयी आरती करीन?"

मी बंड्याच्या बाजूचा, ते लपवत नाही. त्याचा डेक मी हातात घेऊन पाहिला आहे. ४० कार्डं, ड्रॅगन तेवढेच तीन, नव्यासारखे कोरे. कोपरे झिजलेत ते व्हाइट स्टोन ऑफ लेजंडचे. लेव्हल एक, अटॅक ३००, कोणी ढुंकून पाहू नये असं कार्ड. पण ते कबरीत, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, गेलं की डेकमधून ब्लू-आईज हातात येतो. बंड्या मेलडी हे जादूचं कार्ड खेळतो, किंमत म्हणून हाच स्टोन फेकतो. दोन ड्रॅगन मेलडी आणते, तिसरा स्टोन. मग ट्रेड-इन या दुसऱ्या जादूच्या कार्डानं एक ड्रॅगन कबरीत आणि दोन नवी कार्डं हातात. त्यात मॉन्स्टर रिबॉर्न निघालं तर तोच ड्रॅगन थेट मैदानात, एकही ट्रिब्यूट न देता. मोठ्या मॉन्स्टरचा डेक असा बांधायचा असतो, आणि हे मी गोलूला वर्षभर सांगतोय.

"शंकरपटात पयतेत दोनच बैल," बंड्या म्हणाला, "पण सालभर त्याईले सरकीची ढेप कोण टाकते? तुया डेकमधी सारेच बैल. गडी एकबी नाई."

ढेपेचं नाव निघालं आणि गोलू उसळला. "तू ढेपेचं नोको बोलू! २०२३ ले कोर्टानं पटाचा कायदा कायम ठेवला, तव्हा माया घरून दोन पोती नेली. आली का वापस?"

बंड्या चहात पाहू लागला. मास्तरनं विषय वळवायला लाव्हा गोलेम या मॉन्स्टरचं नाव काढलं. "समोरच्याजवळ तो असला तं तुये दोन ड्रॅगन गिळते, तुयाच मैदानात येऊन बसते, अन् तुया दर पाळीले तुये १००० लाइफ पॉइंट खाते."

"म्हंजे आमचा जावई," गोलू म्हणाला.

चहा बंड्याच्या नाकात गेला. मास्तरची पेन्सिल पाराखाली पडली. हसू ओसरलं तेव्हा गोलू मांडीवर डेक पसरून बसला होता. ऑबेलिस्क बाजूला काढला, पुन्हा आत घातला, पुन्हा काढला.

"हा काढतो," तो म्हणाला. "पण आधी ढेप आन."