तीन टाक्या चिकटवून एक मोठी? जरा थांबा की

पंधरा दिवस झाले, एक व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर फिरतोय, मग तोच निपाणीच्या मेव्हण्याकडून आला, काल खानापूरच्या दोस्तानं पण पाठवला. त्यातलं म्हणणं असं की घरात पडलेल्या माशांच्या तीन टाक्या घ्या, प्रत्येकी दोन फुटी, आतल्या बाजूच्या काचा ब्लेडनं काढा, टाक्या एकमेकीला भिडवून सिलिकॉन मारा, झाली सहा फुटी टाकी, खर्च एका ट्यूबचा. मी बारा वर्षं मासे पाळतोय, आणि हे बघून पोटात गोळा आला.

पहिला मुद्दा त्यांचा असा, "पाण्याची उंची एक फूटच, म्हणजे दाब तेवढाच, म्हणजे जुनीच काच चालते." यातलं अर्धं खरं आहे आणि तेच अर्धं लोकांना फसवतंय. दाब उंचीवरच ठरतो, टाकी दोन फुटी असो नाहीतर सहा फुटी, तळाला तो तेवढाच. पण काच दाबानं नुसती फुटत नाही हो, ती वाकते, आणि वाकणं आधार किती लांबवर आहे त्यावर असतंय. फळी दोन दगडांवर ठेवा, दगड जवळ असले तर तुम्ही उभे राहा, लांब सरकवले की ती मधे झोळ खाते, तसंच. दोन फुटी टाकीच्या पुढच्या काचेवर पाणी काठोकाठ धरलं तर एकूण 27 किलोच्या आसपास जोर येतो, आणि ज्या बाजूच्या काचा तुम्ही फुकट म्हणून कापून काढल्या त्याच तिला दोन्हीकडून धरून होत्या. सहा फुटाला जोर 81 किलो, आधार फक्त दोन टोकांना, आणि मधे दोन ठिकाणी काच अख्खी पण नाही, चार-पाच एमएमची कड कडेला चिकटवलेली. कोपऱ्यात काटकोनात बसलेला जोड वेगळा आणि सरळ रेषेत कडेला कड लावलेला जोड वेगळा, या दुसऱ्याच्या मागं कोणीच उभं नाही.

वडगावच्या माझ्या मावसभावानं हाच उद्योग दोन टाक्यांवर केला होता. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा लांब पट्टी पुढच्या काचेवर उभ्या जोडापाशी आडवी टेकवली, मधे काच पट्टीला लागलेली आणि दोन्ही टोकांना लग्नपत्रिका आरामात सरकत होती, एवढा फुगवटा. म्हटलं आत्ताच पाणी उपस. तो म्हणाला उद्या बघू. रात्री जोड वरून खालपर्यंत उसवला, खालच्या खोलीत मागावर अर्धी साडी चढवलेली, आणि मावशी त्याला म्हणाली, "मासे पाळालायस की घर बुडवालायस?"

"सिलिकॉन कुठलंही चालतं, जुन्यावरच मारा, उन्हात ठेवलं की दोन तासात वाळतं." एका वाक्यात तीन चुका. बाथरूमवालं बुरशी-विरोधी सिलिकॉन माशांना विष आहे. नवं सिलिकॉन जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही, जुनं पार खरवडून काच अॅसिटोननं पुसायला लागते. आणि ऊन? हे उन्हानं नाही, हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, वरची साय पंधरा-वीस मिनिटात धरते म्हणून वाळलं असं वाटतं, आत दिवसाला दोन-तीन एमएमच पुढं सरकतंय. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, धरा आठवडाभर, पाणी नको. (आपल्याकडं पावसात हवा दमट म्हणून घाई करू नका, काच ओली असेल तर मुळात चिकटतच नाही.)

"गळालं तर आतून एम-सील" हे सोडून देतो, मोडणाऱ्या जोडावर लेप लावून तो मोडायचा थांबत नाही.

वजनाबद्दल व्हिडिओत अवाक्षर नाही. 170 लिटर पाणी, म्हणजे 170 किलो, त्यावर काच, वाळू, दगड, दोनशेच्या वर जातंय. आणि ते जुन्या तीन लोखंडी स्टँडवर! शहाबादी फरशीवर एक स्टँड दोन एमएम खाली बसला की तळाचा जोड ताणला गेलाच. शिवाय तिन्ही टाक्या वेगवेगळ्या काचवाल्याच्या, उंची कधी सारखी नसते.

सहा फुटीच पाहिजे तर निदान आठ एमएमची अखंड नवी काच आणि वर आडव्या पट्ट्या, फुकट काही नाही त्यात.

एक गोष्ट मात्र त्या व्हिडिओवाल्याची पटते, जुन्या टाक्या फेकू नयेत. त्या आहेत तशा अख्ख्या ठेवा आणि नुसतं पाणी जोडा. उलट्या यू आकाराचा पारदर्शक पाईप पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडं हातानं दाबून एकेका टाकीत पाण्याखाली सोडायची, दोन्हीकडची पातळी आपोआप एक होते. काठ मात्र एका लेव्हलला हवेत, नाहीतर खालची टाकी वाहते. वर हवेचा बुडबुडा साठतो आणि पाणी तुटतं, म्हणून माथ्यावर बारीक नळी बसवून अधूनमधून हवा ओढायची. फिल्टरचं पाणी ज्या टाकीतून घेता तिच्यातच परत सोडा, एकीतून घेऊन दुसरीत टाकलं आणि मधल्या पाईपातलं पाणी तुटलं तर फरशी ओली. आणि एकीतल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की दुसरीत आलाच, हे पण धरून चाला.

भावाकडं आता असंच आहे, दोन नव्या टाक्या, मधे दोन इंची पाईप. गप्पी दुसऱ्याच दिवशी पलीकडं गेले, मोठा एंजल अजून तोंड घालून बघतो आणि मागं फिरतो.